दिवसाची पहिली पावती

१

ज्या गाडीचं बिल आलं होतं ती गाडी त्या वेळी खिडकीखाली उभी होती आणि तिच्या टपावर शेजाऱ्यांचं मांजर झोपलं होतं.

तिने बिल दुसऱ्यांदा वाचलं. जुन्या राज्याच्या वाहनकर कचेरीचं होतं. सहा वर्षांपूर्वी लग्न करून ती ते राज्य सोडून इथे आली होती, ती हीच पिवळी, बुटकी गाडी स्वतः चालवत. तिच्या रंगाकडे आणि आकाराकडे बघून गाडीला सगळे 'लिंबू' म्हणत. आल्या आल्या लिंबाची इथे नोंद झाली, नवा नंबर पडला, इथला कर ती न चुकता भरत आली. जुन्या नंबराशी तिचा काडीमोड झाला होता, निदान तिच्या बाजूने. जुन्या नंबराच्या ते कानावर आलं नसावं. 'चालू वर्षाचा कर थकीत. त्वरित भरणा करावा.'

"भरून टाक ना," नवरा म्हणाला. जगातल्या सगळ्या कागदांबद्दल त्याचं हेच एक मत होतं.

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंची सगळी नोकरी विमा कंपनीत, दावे तपासण्यात गेलेली. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, ऐन वेळी हरवलेले हिऱ्याचे हार यांच्या गोष्टी त्यांनी इतक्या ऐकल्या होत्या की माणूस बोलायला लागला की त्यांच्या डोक्यात आपोआप जमा आणि नावे असे दोन रकाने पडत. निवृत्तीनंतर सवय तशीच राहिली. सरावाला फक्त घरची माणसं उरली.

त्यांनी बिल हातभर लांब धरलं. "सूनबाई, नंबर तेव्हाच बंद झाला असता तर हे बिल आलंच नसतं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बंद झाला नसता, तर इतक्या वर्षांची सगळी थकबाकी आली असती. मग एकाच वर्षाची कशी आली?"

तिने कागद उलटा केला. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती: मागील वर्षांचा कर पूर्ण भरलेला आहे.

"म्हणजे कोणीतरी भरला!" नवरा खूश झाला. "बरंच झालं की."

"बरं झालं?" सासूबाईंनी त्याच्याकडे दावा फेटाळताना बघत तसं पाहिलं. "या घरात संपलेली साखर कोणी आठवणीने आणत नाही. आणि तिकडे कोणीतरी, जिथे गाडीच नाही त्या गाडीचा कर, वर्षानुवर्षं आठवणीने भरतोय. आणि यंदा अचानक थांबलाय. मला त्या माणसाला भेटायचंय."

२

भेटायचं होतं ते कुतूहलापोटी. दुसऱ्या दिवशी त्याची गरज झाली.

इथल्या वाहन कचेरीतल्या बाईंनी बिल पाहिलं, संगणकात काहीतरी पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून चांगली बातमी येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"मॅडम, तुमची गाडी दोन राज्यांत राहते."

"ती बाहेर उभी आहे."

"इथे आहे. आणि तिथेही आहे, कारण तिथे तिचा कर भरला जातो. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुमच्या जुन्या नंबरावर कोणीतरी दुसरी गाडी पळवतोय. नाहीतर तुम्हीच दोन्हीकडे खातं ठेवलंय. काहीही असलं तरी उलगडा होईपर्यंत या गाडीची नोंद मला थांबवावी लागेल. रस्त्यावर आणू नका."

"अहो, मी घरोघरी जाऊन उपचार करते! फिजिओथेरपिस्ट आहे मी. माझे पेशंट गावभर पसरलेत. इस्पितळाने काम दिलंय तेच स्वतःची गाडी आहे म्हणून."

"सोमवारपर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "ज्याने कर भरला त्याच्याकडून लेखी आणा, की हा कर मी मालकाला न सांगता भरला, आणि गाडी तेव्हा तिथे नव्हती. आणि तिथलं खातं बंद केल्याचा दाखला. मग माझ्याकडून काही अडचण नाही."

ती पायी घरी आली. वाटेत तिला तिचे पेशंट एकेक करून आठवत होते. नुकता काठी सोडून चार पावलं टाकू लागलेला शिंपी होता. रोज तिच्यावर ओरडणाऱ्या आणि रोज दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. काम गेलं तर हे सगळे पुन्हा पलंगावर.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथला नंबर बंद करायचा फॉर्म कोणी द्यायचा होता?"

"माझ्या भावाने. मी सही करून त्याच्या हातात दिला होता. निघायच्या दिवशी."

फोन लावला. भाऊ तिच्याहून धाकटा, अजून त्याच जुन्या घरात राहणारा, शाळेत चित्रकला शिकवणारा.

"ताई, दिला होता मी फॉर्म," तो म्हणाला. "शप्पथ!"

सासूबाईंनी भुवई उंचावली. "तीस वर्षांत," त्या हळूच म्हणाल्या, "खऱ्या आगीवाल्याने कधी शपथ घेतली नाही."

३

लिंबू जागेवर ठेवून दोघी बसने निघाल्या. शुक्रवारी दुपारी जुन्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या.

गल्ली होती तशीच होती, फक्त गाड्या वाढल्या होत्या. दोन्ही बाजूंना नाकाला नाक लावून उभ्या. एका गाडीच्या आरशात दुसरीचं दार अडकलेलं. आणि या सगळ्या खेचाखेचीत, तिच्या जुन्या घरासमोर, एक जागा रिकामी. पडलेल्या दातासारखी.

कडेच्या दगडावर पांढऱ्या रंगाने एक नंबर लिहिलेला होता. तिचा.

"ही काय भानगड?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे तशी पद्धत आहे, आई. ज्याच्या गाडीचा कर त्या घराच्या पत्त्यावर भरलेला, त्याला दारासमोरची जागा. पालिकेचा माणूस येऊन नंबर रंगवून जातो."

सासूबाई वाकल्या आणि बोटाने नंबर खरवडून पाहिला. "रंग जुना नाही. पण यंदाचाही नाही."

"ओ, त्या जागेला नजर लावू नका!" मागून आवाज आला. शेजारच्या लाँड्रीचा मालक दारात उभा होता. हाताला वाफेचा वास, कपाळावर आठ्या. "सगळ्यांच्या आधी मी यादीत आहे. वर्षानुवर्षं! माझी व्हॅन रात्री कुठे लावतो माहितीये? नदीपलीकडे. आणि मग चालत येतो. आणि ही जागा बघा, दिवसरात्र मोकळी! तक्रार केली तर म्हणतात, कर भरलाय, जागा त्याची. गाडी उभी करायची की नाही ही त्याची मर्जी. त्या पत्त्यावर दुसरी गाडी नसेल आणि हे खातं बंद झालं, तरच तुमचा नंबर." तो थांबला. तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्या लिंबूवाल्या ना? मग तुम्हीच बसलाय होय जागा अडवून!"

"मी सहा वर्षांत इथे पाऊल टाकलं नाही!"

"मग कर काय तुमची गाडी येऊन भरते?"

तेच शोधायला ती बसने आली होती.

भाऊ कामावरून यायचा होता. तोवर दोघी त्याच घराच्या तळमजल्यावरच्या घड्याळाच्या दुकानात टेकल्या. या दुकानाची खिडकी बरोबर त्या रिकाम्या जागेवर उघडायची. घड्याळकाका खिडकीशी लावलेल्या टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच थोडा विझला. त्यांनी डावा हात पुढे केला.

"किती दिवसांनी! आणि लिंबू? लिंबू कशी आहे?"

"बरी आहे, काका."

"गुणाची गाडी. कधी कोणाच्या आड आली नाही."

एक गिऱ्हाईक आलं. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त होऊन टांगलेलं होतं, ते न्यायला. "काढून घ्या तुम्हीच," काका बसल्या जागेवरून म्हणाले. तिची नजर सवयीने खुंटीवर गेली. काकांचा कोट कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेल्या खिळ्याला लटकत होता. वरची, पूर्वीची खुंटी रिकामी होती.

एवढ्यात दुकान अंधारलं. बाहेर लाँड्रीची उंच पांढरी व्हॅन कपड्यांची बोचकी उतरवायला थांबली होती. काकांनी चिमटा खाली ठेवला, भिंग काढलं, आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसले. व्हॅन गेली. काकांनी चिमटा उचलला आणि मधे काही घडलंच नाही असे बोलू लागले.

सासूबाई हे सगळं बघत होत्या आणि चहा पीत होत्या. त्या अजिबात काही बोलल्या नाहीत. तिला त्याचीच काळजी वाटली.

संध्याकाळी भाऊ आला. सायकल आत घेतली, बहिणीला मिठी मारली, आणि सासूबाईंकडे पाहून अवघडून हसला.

"काय बंधुराज," सासूबाई लाडाने म्हणाल्या, "तो फॉर्म द्यायला तुम्हाला फार त्रास झाला असेल. त्या कचेरीचा जिना म्हणे भलता उंच आहे."

"हो ना काकू!" भाऊ सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "चढता चढता दम लागला. आणि वर ही गर्दी!"

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या आणि त्याला चहा ओतून दिला.

४

वाहनकर कचेरी शनिवारी अर्धा दिवस उघडी असायची. तिघं वेळेच्या आधी पोचली. दाराबाहेर रांग लागलेली होती.

कचेरी बैठी होती. एकच मजला, वर उतरतं छप्पर.

"बंधुराज," सासूबाई म्हणाल्या, "तेवढा जिना दाखवा."

भाऊ छपराकडे बघत राहिला. जणू रात्रीतून कोणी मजला काढून नेला होता.

"तू इथे कधी आलाच नाहीस!" तिचा आवाज चढला. "शप्पथ म्हणालास!"

"ताई, ऐक ना, मी फॉर्म…"

पण दार उघडलं, रांग रेटली, आणि त्याचं वाक्य लोकांच्या कोपरांत अडकून राहिलं. तिला आत ढकललं जाताना एकच दिसत होतं: सोमवार. आणि सोमवार बुडवणारा आपलाच भाऊ. त्याने फॉर्म दिला नाही, म्हणून कर चालू राहिला. मग भरला कोणी? लपवायला त्यानेच? चित्रकलेच्या पगारातून?

खिडकीतला कारकून तरुण आणि जागा नवी असल्यासारखा फार सभ्य होता. "मी हिवाळ्यानंतर आलो, मॅडम. आधीचे साहेब बदलून गेले. कर कोण भरतो ते आम्ही बघत नाही. नोटा बघतो."

"माणूस नका सांगू," सासूबाईंनी आपली मान खिडकीत घातली. "भरणा कसा झाला तेवढं सांगा."

"रोख. दर वर्षी. इथेच, या खिडकीवर." तो पडद्याकडे पाहून हसला. "गंमतच आहे. दर वर्षी पावती क्रमांक एक."

"म्हणजे?"

"रोज सकाळी पावत्या एकपासून सुरू होतात. म्हणजे हा माणूस दर वेळी त्या दिवशीचा पहिला."

सासूबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांग दाराबाहेर, पायरीवर, आणि पुढे झाडाखाली गेली होती.

"सूनबाई, आपण किती लवकर आलो?"

"बऱ्याच लवकर."

"आणि तरी आपल्यापुढे माणसं होती. एखाद्या वर्षी एखाद्याला नशिबाने पहिला नंबर मिळेल. दर वर्षी? त्याला रांग लागतच नाही. दार उघडतं तेव्हा तो आधीच आत असतो."

"इथला कर्मचारी?" तिने कुजबुजत विचारलं.

सासूबाई वर बघत होत्या. खिडक्यांच्या वर, भिंतीवर, माणसाएवढं जुनं लंबकाचं घड्याळ होतं. पितळी वजनं, काळा लाकडी पेटारा. लंबक सरळ खाली लोंबत होता. त्याच्या कडेला कोळ्याने जाळं विणलं होतं.

"हे कधी बंद पडलं?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"मी आलो तेव्हापासून बंदच आहे. चावी द्यायला कोणी येत नाही आता. शिडी लावून वजनं वर ओढावी लागतात म्हणे."

"घड्याळ थांबलं," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, "आणि त्याच वर्षी करही थांबला."

त्या भावाकडे वळल्या. तो कोपऱ्यात उभा राहून आपल्या बुटांचं चित्र मनात काढत असावा.

"बंधुराज, तुम्ही काही बोलू नका. मी सांगते. फॉर्म तुम्हाला द्यायचा होता, आणि तुम्हाला आला कंटाळा. मग तुम्हाला आठवलं की तुमच्या घराखालचं एक माणूस दर आठवड्याला या कचेरीत येतंच, दार उघडायच्या आधी. त्याच्या हातात दिलात आणि विसरलात."

भावाने नुसती मान डोलावली.

"घड्याळकाका?" ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे गाडी नाही, आई! त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नाही. ते कशाला माझ्या गाडीचा कर भरतील?"

५

"तेच तर," सासूबाई परतीच्या वाटेवर म्हणाल्या. "जागेसाठी पैसे मोजणारा माणूस जागेत काहीतरी ठेवतो. लाँड्रीवाल्याकडे ती जागा असती तर त्यात व्हॅन उभी असती. हा पैसे मोजतो आणि ठेवत काहीच नाही. म्हणजे त्याने विकत काय घेतलं?"

"काहीच नाही."

"हां! बरोबर तेच. त्याने 'काहीच नाही' विकत घेतलं. आता मला सांग, खिडकीसमोर काहीच नसलं की घरात काय येतं?"

तिला काल अंधारलेलं दुकान आठवलं, मांडीवर घेतलेले हात आठवले. कधी कोणाच्या आड आली नाही.

घड्याळकाकांनी तिघांना दारात पाहिलं आणि समजायचं ते समजले. उठून त्यांनी खिडकीजवळचा खण ओढला, डाव्या हाताने. खालून एक घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. सहा वर्षांपूर्वीचा फॉर्म. तिचीच सही.

"फाडला नाही," ते म्हणाले. "दर आठवड्याला खिशात घालून जायचो. आज देतो, म्हणायचो. त्या दिवशी वाटेत हे," त्यांनी मानेने लाँड्रीकडे खूण केली, "भेटले. म्हणाले, लिंबू गेली, आता माझा नंबर. मोठी व्हॅन घेतोय. मी कचेरीत गेलो, शिडीवर चढलो, चावी दिली, खाली उतरलो. साहेबांनी चावीचे वर्षाचे पैसे हातात ठेवले. आणि मी ते उचलून शेजारच्या खिडकीत ठेवले. तुझ्या नावाने."

"म्हणजे पैसे कचेरीच्या बाहेर पडलेच नाहीत," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, ते त्यांनी लपवायचा प्रयत्न केला. "एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. दर वर्षी."

"माझं काम असं आहे, पोरी," काका म्हणाले. "दिवा लावून होत नाही. दिव्याखाली चाकाच्या दात्याची सावली पडते आणि हात चुकतो. या खिडकीतून उजेड येतो तो सरळ टेबलावर येतो. तो गेला की मी गेलो. तुझी गाडी बुटकी होती, तिच्यावरून यायचा. वाटलं, हिच्या नंबराने कोणाचं काय बिघडतंय. तू लांब. तुला कळणारही नाही."

"माझं काम थांबलंय, काका," ती म्हणाली. रागाने म्हणायचं ठरवून आली होती. आवाजाने साथ दिली नाही. "सोमवारपर्यंत तुमचं लेखी मिळालं नाही तर जाईल."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "हे मला… हे मला सुचलंच नाही गं." त्यांनी कागद ओढला. "सांग, काय लिहू?"

"थांबा. आधी मला सांगा, यंदा का नाही भरलात?" सासूबाईंनी विचारलं.

"विसरले असतील," भाऊ म्हणाला. त्याला कोणाचा तरी दोष आपल्यापेक्षा मोठा निघायला हवा होता.

"विसरले नाहीत," ती म्हणाली. आता पाळी तिची होती; आकड्यांतलं सासूबाईंना कळत होतं, हाडांतलं तिला. "काल यांनी मला डावा हात दिला. घड्याळ गिऱ्हाइकाला काढायला लावलं. कोटाची खुंटी खाली आणली. काका, उजवा हात वर करा बघू."

काकांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि कोणीतरी धरून ठेवल्यासारखा थांबला.

"हिवाळ्यापासून," ते म्हणाले. "शिडीवर चढलो, वजनाला हात घालायला गेलो, जाईना. खाली उतरून सांगितलं, उद्या येतो. उद्यापासून गेलोच नाही. चावी नाही तर चावीचे पैसे नाहीत. रांगेत उभं राहून खिशातले भरता आले असते. पण लोकांनी विचारलं असतं, घड्याळ का बंद? काय सांगणार? घड्याळजीचा हात घड्याळापर्यंत पोचत नाही म्हणून?"

भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बोलत होती.

मग काकांनी लिहून दिलं. सावकाश, स्वच्छ, एक अक्षर न खोडता. सही केली, आणि खिडकीबाहेरच्या त्या रिकाम्या तुकड्याकडे एकदा पाहून घेतलं. गावाला निघालेल्या माणसाकडे बघतात तसं.

६

कागद हातात आला होता. कचेरी बंद व्हायला अजून अवकाश होता. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली.

"आई, हे खातं बंद केलं की ती व्हॅन येणार."

"येणार."

"मग काय करायचं?"

"मला काय विचारतेस? मी दावे फेटाळत आले. मंजूर करायचं काम दुसऱ्या खात्याकडे होतं." सासूबाईंनी पर्स उघडून उगाच आत पाहिलं. "पण लाँड्रीवाले काल एक वाक्य बोलले. त्या पत्त्यावर दुसरी गाडी नसेल तरच."

दोघींची मान एकदमच भावाकडे वळली.

"मी?" भाऊ मागे सरकला. "ताई, माझी सायकल आहे! मला गाडी चालवता येत नाही!"

"चालवायला कोण सांगतंय? नोंदवायला सांगतोय. तीही बुटकी," ती म्हणाली.

लाँड्रीच्या दारात एक जुनी स्कूटर धूळ खात उभी होती. तिच्यावर वाळत घातलेल्या चादरीचं ओलं टोक लोंबत होतं. सासूबाई तिथे गेल्या आणि लाँड्रीवाल्याला म्हणाल्या, "तुम्हाला जागा कधी हवी असते?"

"म्हणजे काय? कायम!"

"दिवसभर तुमची व्हॅन कपडे वाटत फिरते."

"फिरते."

"म्हणजे हवी असते ती रात्री."

"…रात्रीच," लाँड्रीवाला म्हणाला. असा विचार त्याने केला नव्हता.

"आणि यांना हवा असतो दिवस." सासूबाईंनी काकांकडे बोट केलं. "स्कूटर एका कडेला राहील. उजेड संपला, काकांनी खिडकी लावली, की व्हॅन तिच्या शेजारी. सकाळी फेरीला निघालात की मोकळी. नदीपलीकडून चालत येणं बंद. आता ती स्कूटर कितीला देता ते बोला. पैसे हे बंधुराज देणार आहेत. न चढलेल्या जिन्याचं भाडं म्हणून."

लाँड्रीवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी लाँड्रीवाल्याकडे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली दोन माणसं एकमेकांना पहिल्यांदाच बघत असावीत.

"मला बोलायचं तरी," लाँड्रीवाला पुटपुटला. "व्हॅन समोर आली की दिसत नाही, हे सांगायचं तरी!"

"तुम्ही ओरडता," काका म्हणाले.

"वाफेचा आवाज असतो हो दुकानात! ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही!"

कचेरीच्या खिडकीवर तिघांची वरात पुन्हा गेली, या वेळी काकांना घेऊन. आधी स्कूटर भावाच्या नावावर, त्याच पत्त्यावर. मग लिंबाचं जुनं खातं बंद. यंदाची थकबाकी काकांनी हट्टाने स्वतः भरली, आणि ती नको म्हणायला लागली तेव्हा सासूबाईंनी तिचा हात दाबला. "भरू दे. खातं त्यांचं होतं. बंदही त्यांनीच करावं." रांगेत उभे असताना कोणीतरी काकांना घड्याळाबद्दल विचारलंच. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खांदा दुखावलाय. उपचार चालू आहेत."

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले. तिने त्यांना भिंतीसमोर उभं केलं, उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली आणि मुंगीसारखी वर चढवायला सांगितली. जिथे थांबली तिथे भावाकडून पेन्सिलीने बारीक रेघ मारून घेतली. "रोज," ती भावाला म्हणाली, "तू समोर उभा राहून करून घ्यायचंस. आणि रेघ तू मारायचीस. कोणाबरोबर पाठवायची नाहीस."

सोमवारी चष्मेवाल्या बाईंनी दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारलं, "उजेडासाठी?" मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिक्का मारला. लिंबू दुपारीच शिंप्याच्या दाराशी उभी होती.

भाऊ मधून मधून भिंतीचे फोटो पाठवायचा. रेघा वर चढत होत्या. चित्रकलेचा माणूस, त्याने कडेला एक मुंगीही काढली होती. मग शाळेच्या परीक्षा आल्या आणि फोटो यायचे बंद झाले. तिने विचारलं की तो 'चालू आहे' एवढंच लिहायचा.

"शपथ घेत नाहीये ना?" सासूबाई विचारत.

"नाही."

"मग खरं असेल."

वर्ष उलटलं. एका सकाळी ती मुख्याध्यापिकांकडे निघायच्या गडबडीत असताना भावाचा संदेश आला. 'ताई, स्कूटरचा कर भरला. मी शाळेत होतो, त्यामुळे दुसऱ्याबरोबर पाठवला. रागावू नकोस.' सोबत पावतीचा फोटो.

"हा सुधारणार नाही!" तिने चिडून फोन सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी तो हातभर लांब धरला, वाचला, आणि बराच वेळ परत दिलाच नाही.

"रागावू नकोस त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "वर कोपऱ्यात बघ."

तिने फोटो मोठा केला. पावती क्रमांक एक.